दोन पिनांच्या जागी तीन पिनांचे सॉकेट: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या घरांतील दोन पिनांची सॉकेटे काढून तीन पिनांची बसवावीत का, आणि बसवायची तर कशी, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. उत्तरांतील आकडे, वेगळे सांगितले नसेल तेथे, 230 व्होल्टच्या पुरवठ्याचे आहेत. बोर्ड उघडण्याचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचे आहे. तरीही त्याच्याकडून काय करून घ्यायचे आणि काय मुळीच करू द्यायचे नाही, हे घरात राहणाऱ्यांना कळलेले असावे, म्हणून काही उत्तरे मुद्दाम विस्ताराने दिली आहेत.

प्रश्न: आमच्या जुन्या घरात लाकडी पट्टीवरची वायरिंग असून सगळी सॉकेटे दोन पिनांची आहेत. फ्रिज आणि वॉशिंग मशीन आम्ही कन्व्हर्टर पिन लावून चालवतो. वायरमन म्हणतो, की वायरिंगला हात न लावता नुसती सॉकेटे बदलता येतील आणि अर्थसाठी सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून वायरचा एक तुकडा जोडता येईल, कारण अर्थ आणि न्यूट्रल शेवटी एकच असतात. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही, आणि हे काम आपण कृपया करू देऊ नये. आपल्या घरातील दोन पिनांचे सॉकेट निदान येथे अर्थ नाही हे उघडपणे सांगते. वायरमन सुचवतो तसे केले, तर सॉकेट तीन पिनांचे दिसेल, घरातील माणसे निर्धास्त होतील आणि धोका मात्र पूर्वीपेक्षा वाढेल.

आधी अर्थवायरचे काम पाहू. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, इस्त्री, मिक्सरचे काही प्रकार अशा उपकरणांचे बाहेरचे कवच किंवा आतील सांगाडा धातूचा असतो. आतील फेजची वायर घासली, तिचे आवरण उंदराने कुरतडले किंवा मोटरच्या गुंडाळीत ओल शिरली, तर ते कवच फेजला जोडले जाते. अर्थवायर नसेल तर या घटकेला काहीच घडत नाही. ना फ्यूज उडतो, ना मशीन बंद पडते. कवच 230 व्होल्टवर उभे राहते आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभे असलेले कोणी त्याला हात लावीपर्यंत तसेच राहते. अर्थवायर असेल, तर प्रवाहाला परत जाण्याचा वेगळा, सोपा मार्ग मिळतो, मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज किंवा एमसीबी (जादा प्रवाह वाहू लागताच आपोआप पडणारा स्विच) पुरवठा तोडतो. तीन पिनांचा प्लग हातात घेऊन पाहिलात, तर अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या प्रकारात अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असल्याचे दिसेल. प्लग आत जाताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि बाहेर काढताना सर्वांत शेवटी सुटावी, यासाठी ती तशी केलेली असते.

आता न्यूट्रलवरून घेतलेल्या तुकड्याबद्दल. न्यूट्रल वायरमधून नेहमीच्या वापरात सतत प्रवाह वाहत असतो, तर अर्थवायरमधून बिघाड झाल्याशिवाय जवळपास काहीच वाहायचे नसते. पुरवठ्याच्या मुळाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो हे खरे. पण तुमच्या सॉकेटपासून त्या जागेपर्यंत अनेक सांधे, स्क्रू आणि जुन्या बोर्डांत कधी कधी न्यूट्रलवरही बसवलेला फ्यूज, असा लांबचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर कोठेही न्यूट्रल तुटला, तर घरात चालू असलेल्या एखाद्या बल्बमधून किंवा पंख्यामधून फेज तुटलेल्या जागेच्या घराकडील न्यूट्रलवर येतो आणि आतल्या त्या तुकड्यावाटे थेट फ्रिजच्या दारावर पोहोचतो. फ्रिजमध्ये कोणताही बिघाड नसतो, कदाचित तो बंदही असतो, तरी त्याचे कवच पूर्ण व्होल्टेजवर जाते. कोणताही मोठा प्रवाह वाहत नसल्यामुळे फ्यूज किंवा एमसीबी पडण्याचा प्रश्नच येत नाही. पूर्वी कोणी दुरुस्ती करताना फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील, तर न्यूट्रल तुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही. प्लग घालताच कवच जिवंत होते. बाजारात मिळणाऱ्या तीन दिव्यांच्या साध्या सॉकेट टेस्टरला ही जोडणी कळत नाही, तो सर्व काही ठीक असल्याचेच दाखवतो. म्हणूनच ती इतकी वर्षे घरोघर टिकून राहिली आहे.

योग्य काम कोणते, तर प्रत्येक सॉकेटपासून मुख्य वितरण बोर्डातील अर्थच्या पट्टीपर्यंत स्वतंत्र, हिरव्या-पिवळ्या रंगाची, अखंड अर्थवायर नेणे. तिची जाडी फेजच्या वायरइतकी असावी. हलक्या सॉकेटला बहुधा 1.5 चौरस मिलिमीटरची आणि 16 अँपियरच्या सॉकेटला 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालतात. अर्थवायर इतर वायरींसोबत पाइपातून न नेता वेगळी न्यावी लागली, तर संरक्षण असलेल्या जागी ती 2.5 पेक्षा आणि उघड्यावर 4 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी. एकाच फेरीत (म्हणजे एकाच सर्किटमध्ये) अनेक सॉकेटे असतील, तर अर्थवायर एका सॉकेटच्या स्क्रूवर संपून पुढे दुसरी सुरू होते असे करू नये. मूळ वायर न तुटता पुढे जावी आणि तिच्यावरून प्रत्येक सॉकेटला फाटा द्यावा, म्हणजे एक सॉकेट काढले तरी पुढची सॉकेटे अर्थविना राहत नाहीत.

आपली वायरिंग पट्टीवरची आहे, म्हणजे तिच्या आवरणाचेही वय झाले असणार. रबराचे आवरण कालांतराने कडक होते आणि वाकवताच त्याचे तुकडे पडतात. नवीन सॉकेट बसवण्यासाठी ती वायर ओढली, की भिंतीच्या तोंडाशीच तांबे उघडे पडते. त्यामुळे आधी 500 व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशनची, म्हणजे वायरींच्या आवरणाची, चाचणी करून घ्या. मोजमाप 1 मेगाओहमपेक्षा कमी आले, तर नुसती अर्थवायर वाढवून उपयोग नाही, ती फेरी पूर्ण बदलावी लागेल. या चाचणीपूर्वी सर्व उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत, नाहीतर इलेक्ट्रॉनिक वस्तू खराब होतील. भिंती न फोडता पृष्ठभागावरून केसिंग-कॅपिंगमधून (झाकण असलेल्या पट्टीतून) नवीन वायरिंग करणे हा जुन्या घरांत पुष्कळदा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग ठरतो, आणि आमच्या मते आपण तोच घ्यावा. ते होईपर्यंत वॉशिंग मशीनची कन्व्हर्टर पिन आजच काढून ठेवा. पाण्याशी संबंध असलेले धातूचे यंत्र अर्थशिवाय चालवणे योग्य नाही.

प्रश्न: आम्ही घेतलेल्या घरात तीन पिनांची सॉकेटे आधीपासून आहेत. पण त्यांना खरोखरच अर्थ जोडलेले आहे का, हे कसे ओळखावे? टेस्टर लावला तर फेजच्या छिद्रात दिवा लागतो, अर्थच्या छिद्रात लागत नाही. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर: एवढे पुरेसे नाही. अर्थच्या छिद्रात टेस्टर पेटला नाही, यावरून तेथे फेज नाही, एवढेच कळते. तेथे वायरच जोडलेली नसेल तरीही टेस्टर पेटणार नाही.

मल्टिमीटरने पाहिल्यास चित्र बरेच स्पष्ट होते. सर्व ठीक असेल, तर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये सुमारे 230 व्होल्ट, फेज आणि अर्थ यांच्यामध्येही जवळपास तितकेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये मोजकेच व्होल्ट दिसतात. अर्थवायर कोठेतरी तुटून लोंबकळत असेल, तर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 60, 90, 130 असा कोणताही अधांतरी आकडा दिसतो आणि तो हलत राहतो, कारण शेजारून जाणाऱ्या वायरींमुळे त्या सुट्या वायरीवर थोडे व्होल्टेज आलेले असते आणि मीटर इतका अल्प प्रवाह घेतो की तेवढेही त्याला दिसते. दुसऱ्या बाजूने, घरात गीझरसारखा मोठा भार चालू असताना त्याच फेरीतील सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील आकडा नेमका शून्य येत असेल, तर आधीच्या उत्तरात सांगितलेला तुकडा आत जोडला आहे का, अशी शंका घ्यावी. शंका फिटवण्यासाठी फेज आणि न्यूट्रल हे दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करून, उपकरणे काढून, इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील सलगता तपासायला सांगावे. तेथे मीटर वाजला, तर सॉकेटे एकेक करून उघडून पाहावी लागतील.

मात्र मल्टिमीटरचा 230 हा आकडासुद्धा अर्थ भार पेलू शकेल याची हमी देत नाही. तांब्याची एकच तार शिल्लक राहिलेला गंजका सांधादेखील मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्यासाठी लूपचा, म्हणजे बिघाडाचा प्रवाह फेजमधून येऊन अर्थवाटे परत जातो त्या संपूर्ण मार्गाचा, रोध मोजणारे वेगळे उपकरण असते, आणि त्याचे मोजमाप प्रत्येक सॉकेटवर घेणे हीच खरी परीक्षा आहे. त्या आकड्याचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो, कारण येथेच पुष्कळ जाणत्या माणसांचाही गैरसमज असतो.

समजा, घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 8 ओहम आहे, आणि तिकडे ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा 2 ओहम. घरच्या खड्ड्याला 8 ओहम हा काही वाईट आकडा नव्हे. वॉशिंग मशीनच्या कवचाला फेज लागला, तर 230 भागिले 10, म्हणजे 23 अँपियर प्रवाह जमिनीतून वाहील. सॉकेटवर 16 अँपियरचा एमसीबी असेल, तर तो 23 अँपियरवर लगेच पडत नाही. त्याच्या प्रमाणित गुणधर्मानुसार त्याला तासभरही लागू शकतो. सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडण्यासाठी त्याच्या क्षमतेच्या 5 ते 10 पट, म्हणजे 80 ते 160 अँपियर लागतात. तोवर मशीनच्या कवचावर 23 गुणिले 8, म्हणजे 184 व्होल्ट असतात. अर्थवायर आहे, खड्डा आहे, सॉकेट तीन पिनांचे आहे, एमसीबी आहे, आणि तरीही हात लावणाऱ्याला जीवघेणा शॉक बसू शकतो.

वीजपुरवठादाराने स्वतःच्या केबलमधून धातूचा परतीचा मार्ग दिला असेल, तर लूपचा रोध 1 ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो, प्रवाह दोनशे अँपियरच्या वर जातो आणि एमसीबी तत्काळ पडतो. परंतु जेथे परतीचा मार्ग फक्त मातीतून आहे, तेथे एमसीबीवर विसंबून चालत नाही. तेथे आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. या मुद्द्यावर आम्ही कोणतीही सवलत देऊ इच्छित नाही.

प्रश्न: आम्ही भाड्याने राहतो. घरमालक एवढ्यात वायरिंग बदलणार नाहीत, पण आरसीसीबी बसवायला तयार आहेत. अर्थवायर नसताना आरसीसीबीचा काही उपयोग होतो का?

उत्तर: होतो, आणि तो अवश्य बसवून घ्या. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो. दोन्हींत फरक पडला, म्हणजे काही प्रवाह भलत्या वाटेने जमिनीत चालला आहे, असे समजून तो पुरवठा तोडतो. त्यासाठी त्याला स्वतःला अर्थवायर लागत नाही. माणसांच्या संरक्षणासाठी 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी घ्यावा. हा आकडा मानवी शरीराच्या सहनशक्तीवरून आलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत, हातातील तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी सुमारे 16 आणि स्त्रियांत सुमारे 10.5 मिलिअँपियर आढळली होती. त्याच संशोधनाच्या आधारे त्यांनी 1961 मध्ये अशा प्रकारचे संरक्षक यंत्र तयार केले. 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला 300 मिलिसेकंदांच्या आत आणि 150 मिलिअँपियरला 40 मिलिसेकंदांच्या आत पुरवठा तोडतो, म्हणून हृदयाची लय बिघडण्याची शक्यता खूपच कमी होते.

तरीही त्याच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका. अर्थवायर असेल, तर गळती सुरू होताच, कोणी हात लावण्याआधीच, आरसीसीबी पडतो. ती नसेल, तर गळतीला वाट माणसाच्या शरीरातूनच मिळते. म्हणजे शॉक बसतो आणि मग पुरवठा तुटतो. जीव वाचण्याची शक्यता मोठी असली, तरी शिडीवर उभा असलेला माणूस त्या झटक्याने पडू शकतो. शिवाय एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना हात लागला, तर आरसीसीबीला ते साध्या दिव्यासारखेच वाटते आणि तो पडत नाही.

आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दर महिन्याला दाबून पाहा. मात्र बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे घरात अर्थिंग आहे, असा निष्कर्ष काढू नका. ते बटण यंत्राच्या आतच एक लहानसा मार्ग जोडते. अर्थवायरचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो.

अमेरिकेच्या विद्युत संहितेत अशा जुन्या जागी गळतीपासून संरक्षण देऊन तीन पिनांचे सॉकेट बसवायला परवानगी आहे, पण त्या सॉकेटवर ‘येथे अर्थ नाही’ अशा अर्थाची स्पष्ट खूण करणे बंधनकारक आहे. तेथील यंत्र 5 मिलिअँपियरच्या आसपास पडते, हाही फरक लक्षात घ्यावा. आपल्या येथील नियम काय सांगतो, ते इलेक्ट्रिशियनकडून लेखी विचारून घ्या. खूण मात्र नियम असो वा नसो, करावीच, कारण आपल्यानंतर त्या घरात येणाऱ्या कुटुंबाला भिंतीआड काय आहे हे कळण्याचा दुसरा उपाय नाही.

प्रश्न: संगणकाच्या धातूच्या पेटीला हात लावला, की झिणझिण्या येतात. संगणक मात्र उत्तम चालतो. दुरुस्ती करणाऱ्याने पेटीत काही दोष नसल्याचे सांगितले.

उत्तर: त्याने सांगितले ते बहुधा खरे आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतील खरखर गाळण्यासाठी फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून पेटीकडे लहान कपॅसिटर जोडलेले असतात. सॉकेटला अर्थ नसेल, तर पेटी या दोन कपॅसिटरांच्या मधोमध अडकते आणि तिच्यावर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे 115 व्होल्ट येतात. प्रवाह फारच थोडा असल्याने सहसा झिणझिण्यांपलीकडे काही होत नाही. पण ती तक्रार संगणकाची नसून सॉकेटची आहे. त्या सॉकेटची तपासणी दुसऱ्या उत्तराप्रमाणे करून घ्यावी. आपण स्पाइक गार्ड वापरत असाल, तर त्याचेही पूर्ण काम अर्थविना होत नाही, कारण जास्तीच्या दाबाचा काही भाग त्याला अर्थवायरकडेच वळवायचा असतो.

प्रश्न: सगळी सॉकेटे एकदम बदलणे परवडणारे नाही. सुरुवात कोठून करावी? आणि अर्थवायर नळाच्या पाइपाला जोडली किंवा अंगणात एक वेगळी सळई ठोकून फक्त वॉशिंग मशीनसाठी अर्थ घेतले, तर चालेल का?

उत्तर: नळाचा पाइप वापरू नका. तो पुढे कोठे प्लॅस्टिकचा झाला आहे, हे दिसत नाही. आज नसला तरी पुढच्या दुरुस्तीत होऊ शकतो, आणि मग बिघाडाच्या वेळी शेजारच्या माणसाच्या नळाला व्होल्टेज येते. वेगळी सळईही नको. एकट्या सळईचा रोध पुष्कळदा दहा ओहमच्या कित्येक पट असतो, त्यामुळे एमसीबी पडणार नाही. शिवाय घराच्या मुख्य अर्थला ती जोडलेली नसेल, तर बिघाड झाला असता एकाच खोलीतील दोन उपकरणांच्या कवचांत मोठे विभवांतर (व्होल्टेजचा फरक) राहू शकते, आणि दोन्हींना एकदम हात लावणारा त्यात सापडतो. सळई ठोकायचीच असेल, तर ती मुख्य अर्थच्या पट्टीला जोडून त्याच यंत्रणेचा भाग करावी.

सुरुवात बोर्डापासून करा, सॉकेटांपासून नव्हे. प्रथम मुख्य अर्थिंगची तपासणी, मग 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, मग न्हाणीघर व स्वयंपाकघर यांतील सॉकेटे, त्यानंतर वॉशिंग मशीन, फ्रिज, पंप, आणि शेवटी बाकीच्या खोल्या, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. मोबाइल चार्जर, टीव्ही यांसारख्या ज्या उपकरणांवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते, त्यांना दुहेरी इन्सुलेशन असते आणि अर्थची गरज नसते, म्हणून त्यांची सॉकेटे नंतर बदलली तरी चालतील. आरसीसीबी बसवल्यावर तो विनाकारण पडू लागला, तर त्याला दोष देऊन काढून टाकू नका. जुन्या घरांत दोन फेऱ्यांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात, ते वेगळे केले की ही तक्रार बहुधा थांबते.

प्रत्येक टप्पा संपला, की त्या टप्प्यातील सॉकेटांच्या लूपचा रोध, इन्सुलेशनचे मोजमाप आणि आरसीसीबी पडण्यास लागलेला वेळ इलेक्ट्रिशियनकडून तारखेसह लिहून घ्या आणि तो कागद बोर्डाच्या दारावर आतून चिकटवा, म्हणजे पुढच्या टप्प्याला येणाऱ्याला कोणते काम झाले आहे आणि कोणते राहिले आहे, हे बोर्ड उघडताच कळेल.